मीटरमधला इंडिकेटर-दिवा एकाच बाजूला लागतो: एका मोटरसायकलचे प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. डावा इंडिकेटर दिला की मीटरमधला हिरवा दिवा मंद लुकलुकतो, उजवा दिला की अजिबात लागत नाही. बाहेरचे दिवे दोन्ही बाजूंना व्यवस्थित चालतात.

गाडी १२ व्होल्टची मोटरसायकल. मीटरमध्ये इंडिकेटरसाठी एकच हिरवा दिवा, डाव्या-उजव्याला वेगळे बाण नाहीत. चारही इंडिकेटर एकदम लावणारे हॅझर्डचे बटण नाही. मूळ बांधणीत चार इंडिकेटरना प्रत्येकी १० वॅटचा फिलामेंटचा बल्ब आणि मीटरमध्ये १.७ वॅटचा छोटा वेज बल्ब. तपासणीला आली तेव्हा यातला एकही मूळ बल्ब जागेवर नव्हता, आणि खरी गोष्ट तिथेच होती.

आधी काय काय बदलले गेले

बिघाडाचा इतिहास क्रमाने विचारला तर निम्मे काम होते. या गाडीचा क्रम असा.

पहिल्यांदा चारही बाहेरचे बल्ब काढून एलईडी बल्ब बसवले. त्याबरोबर इंडिकेटर दुपटीहून जास्त वेगाने उघडझाप करू लागले. यात नवल नाही. मूळ फ्लॅशर, म्हणजे दिव्यांची उघडझाप करवणारा भाग, दोन पिनांचा होता. त्याला एका बाजूचे दोन बल्ब मिळून सुमारे १.७ अँपिअर प्रवाहाची सवय. एलईडी झाल्यावर तोच प्रवाह ०.२ अँपिअरवर आला. प्रवाह इतका घटला की फ्लॅशर ‘बल्ब उडाला’ असे समजतो आणि वेग वाढवून चालकाला तसे कळवतो. फ्लॅशर जुन्या, तापून वाकणाऱ्या पट्टीचा असता तर उलटे झाले असते: एवढ्या कमी प्रवाहाने पट्टी तापतच नाही आणि दिवे न लुकलुकता लागून राहतात.

मग एलईडीसाठीचा तीन पिनांचा फ्लॅशर बसवला. वेग ताळ्यावर आला, पण नवीनच खोड सुरू झाली. कोणतीही बाजू दिली तरी चारही दिवे लुकलुकायचे. दिलेल्या बाजूचे पूर्ण तेजाने, उलट बाजूचे अर्धवट, आणि मीटरमधला दिवा जवळजवळ अंधारा.

संशय हँडलवरच्या स्विचवर गेला. स्विच उघडून साफ केला, फरक नाही. फ्लॅशर पुन्हा बदलला, फरक नाही. शेवटी मीटरमधला ‘न लागणारा’ बल्ब काढून तिथेही एकाच चिपचा एलईडी लावला. चार दिवे एकदम लुकलुकणे थांबल्यासारखे वाटले, पण आता दिवा एकाच बाजूला लागू लागला. म्हणजे एक तक्रार मिटली नव्हती, तिने फक्त रूप बदलले होते.

दिवसा न दिसलेले लक्षण

इंडिकेटरची तपासणी अंधारात करावी. सावलीत किंवा हाताचा आडोसा धरून बघितले की दिवसाच्या उजेडात लपणारे दिसते. या गाडीत अंधारात दिसले ते असे: डावा इंडिकेटर दिला की उजवीकडचे दोन्ही दिवेही त्याच ठेक्यात मिणमिणत होते. उजवा दिला की डावीकडे काहीच नाही, आणि मीटरही अंधारा.

डावीकडे दिले असताना उजवीकडे प्रवाह पोचतो, उजवीकडे दिले असताना डावीकडे पोचत नाही. असा एकमार्गी वागणारा भाग या मंडलात कुठे आहे? स्विचचे संपर्क एकमार्गी नसतात. गंजलेला कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, नसतो. ओल शिरलेली वायर नसते. एलईडी मात्र असतो. तो मुळात डायोडच आहे, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह सोडणारा भाग.

हा दिवा जोडलेला कसा असतो

मीटरमध्ये इंडिकेटरचा एकच दिवा असलेल्या कित्येक दुचाकींत त्या दिव्याला स्वतःचा अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट, नसतो. त्याचे एक टोक डाव्या इंडिकेटरच्या वायरला, दुसरे उजव्या इंडिकेटरच्या वायरला. बस, इतकेच.

डावा इंडिकेटर दिला की डाव्या वायरवर १२ व्होल्ट येतात. प्रवाह मीटरच्या बल्बमधून उजव्या वायरवर जातो आणि उजवीकडच्या दोन बल्बांच्या फिलामेंटमधून अर्थला पोचतो. उजवा दिला की हाच प्रवास उलट्या दिशेने. उलट बाजूचे बल्ब त्या वेळी दिवे म्हणून नव्हे, नुसती तार म्हणून कामाला येतात.

हे चालते ते आकड्यांच्या जोरावर. १.७ वॅटच्या बल्बचा पेटलेला रोध सुमारे ८५ ओहम, त्यातून वाहतात ०.१४ अँपिअर. थंड असलेल्या १० वॅटच्या दोन बल्बांचा समांतर रोध जेमतेम एक ओहम किंवा त्याहून कमी. म्हणजे १२ पैकी जवळजवळ सगळे व्होल्ट मीटरच्या बल्बवर पडतात. उलट बाजूच्या फिलामेंटवर ०.१ व्होल्टच्या आसपास उरतात, त्यात ती कोमटही होत नाही. एक वायर आणि एक बल्ब वाचवणारी ही जोडणी हुशारीची आहे, फक्त ती चारही बल्ब फिलामेंटचे राहतील असे गृहीत धरते.

एलईडी बल्ब आला की गृहीतक कोसळते. आत तीन-तीन पिवळे एलईडी एकापुढे एक असले तर प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट आणि वर संरक्षक डायोडचे ०.७, म्हणजे ७ व्होल्टच्या खाली त्यातून प्रवाह जातच नाही. मीटरच्या दिव्यासाठी जो अर्थ होता तो आता ७ व्होल्टचा उंबरा झाला. आणि उंबरा ओलांडला की तो ‘अर्थ’ स्वतःच उजळतो.

मधल्या टप्प्यात चारही दिवे का लुकलुकत होते, तेही यातून सुटते. मीटरमध्ये तेव्हा फिलामेंटचा बल्ब होता, दोन्ही दिशांनी प्रवाह सोडणारा. एलईडीला थोडाच प्रवाह लागतो आणि तेवढा त्या बल्बमधून आरामात मिळत होता. मीटरच्या बल्बच्या वाट्याला तीन-चार व्होल्ट उरत होते. त्यात फिलामेंट फार तर लालसर होते, आणि हिरव्या काचेआड लालसर फिलामेंट दिसत नाही. तो बल्ब उडालेला नव्हता, उपाशी होता.

पडताळणी

निष्कर्ष कागदावर बरोबर वाटला तरी मोजल्याशिवाय वायर कापू नये. क्रम असा ठेवला.

आधी बॅटरी: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट. ठीक. इंडिकेटरचा फ्यूज आणि त्याचा होल्डर बघितला, गंज नाही.

मग मीटरमधला दिवा होल्डरमधून काढून बाजूला ठेवला आणि दोन्ही इंडिकेटर देऊन पाहिले. उलट बाजूचे मिणमिणणे पूर्ण थांबले. या दोन मिनिटांच्या चाचणीने स्विच, फ्लॅशर आणि बाहेरची वायरिंग एकदम निर्दोष ठरते. स्विचमध्ये डावे-उजवे एकमेकांना टेकत असते तर दिवा काढूनही मिणमिण राहिली असती. स्विच उघडण्याआधी ही चाचणी झाली असती तर बारीक स्प्रिंगा आणि गोळ्या शोधत बसण्याची वेळ आली नसती.

पुढे व्होल्टेज. लुकलुकत्या मंडलावर डिजिटल मल्टीमीटरचा आकडा स्थिरावत नाही, ४, ११, २ असे काहीही दिसते आणि माणूस फसतो. म्हणून फ्लॅशर सॉकेटमधून काढून बी (बॅटरीकडून येणारी) आणि एल (दिव्यांकडे जाणारी) या दोन जागा ५ अँपिअरचा फ्यूज असलेल्या जम्परने, म्हणजे तात्पुरत्या वायरने, जोडल्या. आता इंडिकेटर स्थिर लागतो आणि आकडाही स्थिर येतो. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये ई म्हणजे अर्थ. जम्पर चुकून बी आणि ई मध्ये गेला तर फ्यूज उडतो, म्हणून आधी मल्टीमीटरने तिन्ही जागा ओळखाव्यात. काही फ्लॅशरवर बी, एल, ई ऐवजी ४९, ४९ए आणि ३१ असे आकडे असतात.

मल्टीमीटरची काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. गाडीच्या चौकटीवर नको, कारण रंगाचा थर आणि गंज आकड्यात घुसतात. मीटरचा एलईडी परत बसवून होल्डरच्या दोन्ही टोकांवर मोजले:

डावा दिला असता डावे टोक १२.४ व्होल्ट, उजवे टोक ७.६ व्होल्ट.
उजवा दिला असता उजवे टोक १२.४ व्होल्ट, डावे टोक शून्याजवळ.

७.६ हा आकडाच सगळे सांगतो. फिलामेंटचे बल्ब असते तर तिथे ०.१ च्या आसपास आकडा आला असता. १२.४ मधून ७.६ गेले की मीटरच्या एलईडीच्या वाट्याला ४.८ व्होल्ट राहतात, म्हणून तो मंद. दुसऱ्या ओळीत एलईडी उलट्या दिशेने आहे, तो प्रवाह अडवतो, म्हणून डावीकडे काही पोचत नाही आणि मीटरही अंधारा.

निर्णायक चाचणी सर्वांत सोपी होती. मीटरचा एलईडी काढून १८० अंशांत फिरवून बसवला. आता उजवा दिल्यावर मंद लागू लागला आणि डावा दिल्यावर बंद. बिघाडाने बाजू बदलली. वायर तुटलेली असती किंवा स्विच खराब असता तर असे होणे शक्य नाही.

शेवटची खातरजमा: मागच्या उजव्या इंडिकेटरमध्ये जुना १० वॅटचा बल्ब तात्पुरता लावला, मीटरमध्येही मूळ १.७ वॅटचा बल्ब. डावा इंडिकेटर दिला. मीटरचा दिवा पूर्ण तेजाने, उजवीकडे मिणमिण नाही. मीटरच्या दिव्याला हरवलेला अर्थ परत मिळाला होता.

इथे एक सावधगिरी. टेस्ट लॅम्प (अर्थला जोडून वायर तपासायचा छोटा बल्ब) आणि मल्टीमीटर या मंडलात वेगवेगळे बोलतात, आणि दोघेही खरे बोलतात. मल्टीमीटरचा रोध प्रचंड असल्यामुळे उजवी वायर अर्थपासून पूर्ण तुटलेली असली तरी मीटरच्या बल्बमधून आलेले व्होल्ट तिथे दिसतात आणि ‘उजवीकडे सप्लाय येतोय’ असा गैरसमज होतो. टेस्ट लॅम्प लावला तर तो स्वतःच अर्थचा रस्ता बनतो, आणि तेवढ्यापुरता मीटरचा बल्ब लागतो. चाचणी करता करता बिघाड ‘बरा’ झाला की हेच झाले असे समजावे.

दुरुस्ती

तीन मार्ग होते.

प्रत्येक बाजूला एकेक फिलामेंटचा बल्ब परत लावणे चालते, पण पुढचा आणि मागचा दिवा वेगवेगळ्या तेजाचे आणि वेगळ्या झपाट्याने लागणारे दिसतात. मीटरमध्येही फिलामेंटच ठेवावा लागतो.

प्रत्येक बाजूला १० ओहमचा लोड-रोधक लावला तर मीटरच्या दिव्याला अर्थचा रस्ता मिळतो हे खरे. मात्र इंजिन चालू असताना १४ व्होल्टवर त्यात सुमारे २० वॅट उष्णता होते. उघडझाप धरून सरासरी निम्मी, तरी प्लॅस्टिकच्या पॅनेलमागे बांधलेला रोधक पॅनेल वितळवायला पुरेसा. वीज वाचवायला एलईडी लावायचे आणि वाचलेली वीज रोधकात जाळायची, यात अर्थ नाही. शिवाय मीटरमध्ये एलईडी असेल तर तो तरीही एकाच बाजूला लागेल.

तिसरा मार्ग दोन डायोडांचा, आणि तोच निवडला. कल्पना सरळ आहे: मीटरच्या दिव्याला स्वतःचा पक्का अर्थ द्यायचा आणि डाव्या-उजव्या वायरमधून एकेका डायोडने फक्त आत येणारा प्रवाह घ्यायचा. बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींपासून कायमच्या वेगळ्या.

डायोड १एन४००७, दोन नग. याची क्षमता १ अँपिअर. १.७ वॅटच्या बल्बला ०.१४ अँपिअर लागतात, एलईडीला त्याहूनही कमी, तेव्हा भरपूर वाव आहे. त्याच मालिकेतला १एन४००१ ही चालला असता. बसवण्याआधी दोन्ही मल्टीमीटरच्या डायोड स्थितीवर तपासले: एका दिशेने ०.५ ते ०.७ च्या दरम्यान आकडा, उलट दिशेने काहीच नाही.

जोडणी मीटरकडे जाणाऱ्या कपलरच्या वायरिंग बाजूला केली. मीटरची आतली छापील सर्किटची पट्टी कापण्याची गरज पडली नाही. डावी आणि उजवी वायर ओळखून दिव्याच्या पिनांपासून ५० मिलिमीटरवर कापल्या. होंडाच्या दुचाकींत बहुधा नारिंगी डावी आणि आकाशी उजवी असते, पण इतर कंपन्यांचे रंग वेगळे, म्हणून रंगावर न जाता इंडिकेटर देऊन मोजूनच ओळखावे. प्रत्येक वायर एकेका डायोडच्या साध्या टोकाला. पट्टा असलेली दोन्ही टोके एकत्र करून दिव्याच्या पॉझिटिव्ह पिनेला. दिव्याची उरलेली पिन अर्थला.

अर्थ कुठून घ्यायचा यावर थोडे थांबावे लागते. जवळ न्यूट्रलच्या दिव्याची वायर असते आणि हात सहज तिकडे जातो. ती घेऊ नये. बहुतेक गाड्यांत न्यूट्रलच्या दिव्याला पॉझिटिव्ह कायम मिळते आणि त्याचे निगेटिव्ह गिअरबॉक्सवरच्या स्विचमधून येते. तिथून अर्थ घेतला तर इंडिकेटरचा दिवा फक्त गाडी न्यूट्रलमध्ये असतानाच नीट लागेल, आणि नवे कोडे तयार होईल. मीटरच्या उजेडाच्या बल्बचा किंवा अप्परच्या (हेडलाइटच्या लांबच्या झोताच्या) निळ्या दिव्याचा अर्थ घ्यावा. इथे उजेडाच्या बल्बचा घेतला. पार्किंगचे दिवे लावून त्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजले, ०.०४ व्होल्ट. ०.१ च्या आत असले की पुरे.

सांधे सोल्डर करून प्रत्येकावर तापवल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी, आणि डायोडासकट सगळे मुख्य वायरिंगला बांधले. वायरी नुसत्या पिळून टेप लावला तर हँडलच्या कंपनाने डायोडाचा पाय मुळाशी तुटतो. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून वायर ताणली जात नाही ना, हेही पाहिले.

मीटरमध्ये जुनाच १.७ वॅटचा बल्ब परत लावला. एलईडी ठेवायला हरकत नव्हती, फक्त त्याची दिशा आता कायमची ठरलेली आहे, लागला नाही तर उलटा बसवायचा. नुसता सुटा ५ मिलिमीटरचा एलईडी लावायचा असेल तर त्याच्याबरोबर ६८० ओहम ते १ किलोओहमचा पाव वॅटचा रोधक हवाच, नाहीतर तो पहिल्याच झपाट्यात जातो.

हीच तक्रार दुसऱ्या गाडीत

मीटरमध्ये डावा-उजवा असे दोन वेगळे बाण असतील, जसे मोटारींत असतात, तर वरचे निदान लागू होत नाही. तिथे प्रत्येक बाणाला मीटरचा सामाईक अर्थ असतो. बाहेरचे दिवे नीट आणि एकच बाण बंद असेल तर फ्लॅशरकडे बघूसुद्धा नये. बाणाचा बल्ब, त्याच्या फिरत्या होल्डरचे सैल झालेले पाय, छापील पट्टीवरचा काळा पडलेला तांब्याचा माग आणि कपलरची पसरलेली पिन, याच क्रमाने बघावे. दोन्ही बाण बंद आणि बरोबर इतर दिवेही मंद असतील तर मीटरचा अर्थ. नव्या मोटारींत बाणाला वायरच नसते. दिवे वगैरे चालवणाऱ्या संगणकाकडून, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडून, संदेश येतो आणि बाण व टिक-टिक आवाज मीटर स्वतः तयार करते. तिथे टेस्ट लॅम्प बाजूला ठेवून स्कॅनर लावावा आणि मीटरची बाण पेटवण्याची चाचणी चालवून बघावी.

आणि एकच दिवा असलेल्या गाडीत सगळे बल्ब फिलामेंटचेच असूनही मीटर एका बाजूला मंद होत असेल, तर शोध उलट बाजूला घ्यावा. डावीकडे दिल्यावर मंद असेल तर उजव्या इंडिकेटरांचा अर्थ गंजलेला असतो.

दुरुस्तीनंतरची मोजणी

जम्पर काढून फ्लॅशर परत बसवण्याआधी पुन्हा मोजले. डावा दिला असता दिव्याच्या पॉझिटिव्ह पिनेवर ११.७ व्होल्ट, डायोडात ०.७ गेले. उजवी वायर शून्याजवळ. उजवा दिला असता पिनेवर तेच ११.७, डावी वायर शून्याजवळ. अंधारात कुठेही मिणमिण नाही.

फ्लॅशर बसवून अर्धा मिनिट मोजले, दोन्ही बाजूंना ४२ वेळा, म्हणजे मिनिटाला ८४. आंतरराष्ट्रीय नियमांतली मर्यादा मिनिटाला ६० ते १२० आहे. इंजिन चालू करून, ब्रेक दाबून आणि हेडलाइट लावूनही वेग आणि तेज बदलले नाही.

डायोड पुढे बिघडला तर लक्षणे ओळखता येतील अशी आहेत. एक डायोड आतून तुटला तर त्या बाजूला मीटर अंधारा, बाहेर सगळे ठीक. एक शॉर्ट झाला तर दुसरी बाजू दिल्यावर त्याच्या बाजूचे दिवेही लुकलुकतील. उजवा दिल्यावर डावे लागले तर दोष डाव्या डायोडात. दोन्ही उलटे जोडले गेले असतील तर मीटर दोन्ही बाजूंना अंधारा राहतो, बाहेर मात्र काहीच बिघडत नाही. या गाडीच्या कपलरजवळ ‘इंडिकेटर दिवा: दोन डायोड, वेगळा अर्थ’ अशी पट्टी चिकटवली आहे, कारण गाडीच्या मूळ आकृतीत ही जोडणी सापडणार नाही.